भरल्या मनगटाची पट्टी

मनगटाची पट्टी नेमकी तिथंच बसते, जिथं बांगड्या असतात. बेळगावात फिजिओथेरपीचं काम करताना मला रोज भेटणारी ही पहिली अडचण. दुखरे हात घेऊन येणाऱ्यांत बायका जास्त, आणि त्यांच्या हातांत हिरव्या काचेच्या चार-सहा बांगड्या, मागंपुढं एकेक पाटली, एखाद्या देवाचा दोरा. पट्टी बांधायची तर हे सगळं उतरवावं लागतं. तसं सांगितलं की समोरच्या मावशींचा चेहरा उतरतो. नवरा धडधाकट असताना मनगट रिकामं कसं ठेवायचं? काही जणी बांगड्या कोपराकडं सारतात आणि खाली पट्टी बांधतात. मग पट्टी तळहातावर घसरते आणि जिथं आधार हवा तिथं राहतच नाही. काही जणी सरळ बांगड्यांवरूनच वेलक्रो आवळतात. काचेच्या कडा मांसात रुततात, सूज वाढते आणि आठवड्याभरात पट्टी फडताळात जाते. "बांधून बघितलो, काय उपयोग न्हाई ओ," असं म्हणत त्या पुन्हा येतात.

मी या श्रद्धेशी कधी वाद घालत नाही. दुखऱ्या हातातल्या बांगड्या दुसऱ्या हातात भरा म्हणते. किंवा काही आठवडे काचेच्या बांगड्यांऐवजी सैल कडं घाला, रात्री काढा, सकाळी पुन्हा चढवा म्हणते. सासूबाई सोबत आल्या असतील तर हे त्यांच्याशी बोलते, कारण परवानगी बऱ्याचदा तिथूनच मिळायची असते. आणि एक गोष्ट मला दरवेळी टोचते. विधवा बाईच्या हाताला पट्टी पटकन बसते. काही काढावं लागत नाही, काही सारावं लागत नाही.

माझी आई निपाणीत विड्या वळायची. आमच्या गल्लीत दुपारी घराघरांतून कात्रीचा आवाज यायचा. रात्री ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं सकाळपर्यंत मऊ झालेली असायची. पत्र्याचं माप पानावर धरायचं आणि त्या मापानं तुकडा कापायचा. जाड शीर खरवडायची. मग मांडीवर सूप घ्यायचं, सुपात तंबाखू. चिमूटभर तंबाखू पानावर पसरून दोन्ही हातांच्या बोटांनी वळायची, तोंड दुमडायचं, दोऱ्याचे वेढे मारायचे. मजुरी हजाराच्या हिशेबानं. हजार विड्या म्हणजे हजारदा कात्री, हजारदा वळण, हजारदा दोरा. कारखान्यात माल तपासताना छाट निघायची, म्हणून प्रत्यक्षात हजाराहून जास्तच वळाव्या लागायच्या. त्याआधी पहाटेच्या भाकरी आणि त्यानंतर संध्याकाळचं धुणं होतंच. ते कुणी मोजत नव्हतं.

रात्री दोन-अडीचला ती उठून बसायची आणि हात झटकत राहायची. "मुंग्या आल्यात गं, हातात जीवच न्हाई," म्हणायची. झटकून झटकून जरा बरं वाटलं की पुन्हा आडवी व्हायची. गल्लीतल्या कितीतरी बायकांचं हेच होतं. कुणी म्हणायचं वात आहे, कुणी म्हणायचं रक्त साकळतंय. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून त्या शेकायच्या. त्यानं बरं वाटायचंही, कारण उबेनं दुखणं तेवढ्यापुरतं सैलावतं. मग जुन्या धोतराचा काठ फाडून मनगट करकचून बांधायचं, आणि तासाभरात मुंग्या आणखी वाढायच्या.

त्या का वाढायच्या, हे मला पुढं शिकताना कळलं. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं आहेत. तळव्याच्या बाजूनं ती कमानीसारखी मांडलेली आहेत आणि त्या कमानीवर एक जाड, न ताणणारा पट्टा आडवा बसलेला आहे. हाडं आणि पट्टा यांच्यामध्ये जो अरुंद बोगदा उरतो, त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या म्हणजे स्नायुबंध जातात आणि त्यांच्याबरोबर एक मज्जातंतू जातो. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची संवेदना हा मज्जातंतू पोचवतो. करंगळी त्याच्याकडं नाही. म्हणून कुणी "हाताला मुंग्या येतात" म्हटलं की मी पहिल्यांदा विचारते, करंगळीलाही येतात का? करंगळी सोडून बाकीची बोटं बधिर होत असतील तर संशयाची सुई मनगटाकडं जाते. डॉक्टरांच्या भाषेत याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

बोटांची हालचाल दिवसभर चालली की त्या नऊ स्नायुबंधांवरची आवरणं सुजतात. बोगद्यात वाढायला जागा नसते, म्हणून सगळा दाब नाजूक मज्जातंतूवर पडतो. मनगट आत वाकलं तरी दाब वाढतो, बाहेर वाकलं तरी वाढतो. सर्वांत कमी दाब असतो तो मनगट सरळ असताना. आपण झोपेत मनगट मुडपून गालाखाली किंवा उशीखाली घेतो, म्हणून त्रास रात्रीचा. आणि वरून कापड आवळून बांधलं की भरलेल्या बोगद्यावर आणखी दाब. आईचा धोतराचा काठ उलटं काम करत होता.

रात्रीच्या पट्टीचं सगळं मर्म इथं आहे. या दुखण्यात पट्टीनं आवळायचं नसतं. मनगट सरळ धरून ठेवायचं असतं, झोपेतसुद्धा. त्यासाठी तिच्यात तळव्याच्या बाजूला ॲल्युमिनियमची किंवा कडक प्लास्टिकची पट्टी असते. कापड फक्त ती जागेवर धरायला. खाली बोट सहज सरकेल इतकं सैल बांधायचं. पुढची कड तळहातावरच्या आडव्या रेषेच्या अलीकडं थांबली पाहिजे, म्हणजे मूठ पूर्ण वळते. बोटं जखडली तर ती आखडतात, आणि मग ते नवीन दुखणं.

एक बारीक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. तयार मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांमधला धातूचा तुकडा मागच्या बाजूला वाकवलेला असतो. मनगटाच्या काही दुखण्यांत तो वाक उपयोगी आहे. पण मुंग्यांच्या दुखण्यात मनगट सरळ हवं. तुकडा पट्टीच्या खिशातून काढायचा, टेबलाच्या कडेवर दाबून सपाट करायचा, परत सरकवायचा. पाच मिनिटांचं काम आहे. पट्टी बांधूनही मुंग्या थांबत नाहीत म्हणणाऱ्यांची पट्टी मी आधी उघडून पाहते. त्यातल्या काहींचं काम एवढ्यावरच होतं.

बांधायची किती दिवस? रोज रात्री, निदान सहा आठवडे. चार रात्री बांधून फरक पडत नाही म्हणून सोडून देणाऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. सुजलेली आवरणं ओसरायला वेळ लागतो. २०१८ साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीत रात्रीची पट्टी आणि स्टेरॉइडचं एक इंजेक्शन यांची तुलना झाली होती. सहा आठवड्यांनी इंजेक्शनचा गुण जास्त दिसला. त्यामुळं त्रास फार असेल तर मी पट्टीवर अडून बसत नाही, डॉक्टरांकडं पाठवते. मधुमेह, थायरॉईड, गरोदरपण यांतही हे दुखणं डोकं वर काढतं, म्हणून साखर आणि थायरॉईड तपासून घ्या हेही सांगते. आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होऊ लागला, हातातून चहाचा कप निसटू लागला, बधिरपणा दिवसाही जाईनासा झाला, तर पट्टीचे दिवस संपले असं समजावं. तिथं तो आडवा पट्टा कापून बोगदा मोकळा करणारी छोटी शस्त्रक्रिया लागते. तिला उशीर झाला तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

विडीवाल्या बायकांचं दुसरं दुखणं कात्रीचं. ते अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या कडेला असतं. अंगठा वर उचलणारे आणि बाहेर नेणारे दोन स्नायुबंध तिथं एकाच आवरणातून जातात. दिवसभर कात्री उघड-मीट केली की ते आवरण जाड होतं आणि आतली ये-जा घासू लागते. फ्रिट्झ द केर्व्हां या स्विस शल्यविशारदानं १८९५ साली याचं वर्णन केलं, म्हणून दुखण्याला त्याचं नाव आहे. ओळखणं सोपं. अंगठा मुठीत धरा आणि मूठ करंगळीच्या बाजूला हळू वाकवा. कडेला कळ आली की डॉक्टरांना दाखवा. बाळंतिणींनाही हे फार होतं, कारण बाळाच्या काखेत अंगठे घालून त्याला दिवसातून कितीतरी वेळा उचलायचं असतं. कपडे पिळणाऱ्यांना होतं. हातानं धार काढणाऱ्यांनाही.

या दुखण्याला साधी मनगटपट्टी चालत नाही. मनगट धरलं आणि अंगठा मोकळा सोडला तर घासणं चालूच राहतं. अंगठ्याला बुडापासून कवेत घेणारी पट्टी लागते. ती दुकानात वेगळी मागावी लागते, आणि डाव्या हाताची वेगळी, उजव्याची वेगळी. सर्जिकलच्या दुकानात गिऱ्हाईक नुसतं "मनगटाचा पट्टा द्या" म्हणतं आणि दुकानदार हाताला येईल तो देतो. बहुतेक वेळा तो मऊ रबरी कापडाचा, अंगठ्यात फास अडकवून गुंडाळायचा असतो. दीडशे-दोनशेपासून मिळतो. वाईट नसतो तो. उबदार असतो, मनगट जपून वापरायची आठवण ठेवतो, हलक्या लचकेला पुरतो. पण आत कडक तुकडा नसल्यामुळं मनगट सरळ धरायचं काम तो करू शकत नाही. तेव्हा दुकानात जाताना चार गोष्टी ठरवून जावं: दुखतंय कुठं, कुठला हात, आतला तुकडा हवा की नको, आणि मनगटाचा घेर किती. घेर घरीच सुतळीनं मोजून न्यावा. आमच्याकडच्या बायका "लहानातला द्या" म्हणतात आणि विडी-भाकरीनं रुंद झालेल्या मनगटाला तो काचतो.

पावसाळ्यात चित्र बदलतं. खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस लागला की जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, अंगण निसरडं होतं, बांधावरून पाय सुटतो. माणूस पडताना हात पुढं टेकवतो, सगळा भार तळहातावर येतो आणि मनगटाच्या जरा वर हाड मोडतं. साठी ओलांडलेल्या बायका यात जास्त, कारण पाळी गेल्यावर हाडं विरळ होत जातात. डब्लिनच्या अब्राहम कॉलेस यानं १८१४ साली या मोडीचं वर्णन लिहिलं. तेव्हा क्ष-किरण नव्हते, ते सापडले १८९५ साली. त्यानं हे सारं हातानं चाचपून ओळखलं होतं. त्याच्या या चाचपण्याबद्दल मला फार आदर वाटतो, कारण आमचं निम्मं शिक्षण आजही बोटांतूनच होतं.

पडल्यानंतरच्या पहिल्या तासात काय करतो यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. पहिलं काम बांगड्या आणि अंगठी काढण्याचं. सूज चढली की काचेची बांगडी हातातच फोडावी लागते, अंगठी कापावी लागते, आणि तोवर बोट निळं पडू लागलेलं असतं. इथं मात्र मी विनवणी करत नाही, सरळ काढायला लावते. मग पुठ्ठा किंवा जाड वहीची घडी हाताखाली घेऊन, जसा आहे तसा हात तिच्यावर सैल बांधायचा, गळ्यात अडकवायचा आणि एक्स-रेला जायचं. दुकानातली पट्टी चढवून आठवडाभर वाट पाहत बसायचं नाही.

आमच्या भागात अजूनही बरेच लोक आधी हाडवैद्याकडं जातात. त्यांच्यात चांगले जाणकार मी पाहिले आहेत. कुठं आपलं काम नाही हे त्यांना कळतं आणि ते स्वतःच दवाखान्यात पाठवतात. पण बांबूच्या कांबट्या लावून, वर आंबेहळद-रक्तबोळाचा लेप थापून करकचून आवळलेला हात मला भीती घालतो. लेप वाळतो, आतली सूज वाढते आणि रक्ताला वाट उरत नाही. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदानं १८८१ सालीच लिहून ठेवलंय की घट्ट बांधणीनं रक्त तुटलेले स्नायू मरतात, आखडतात आणि बोटं कायमची पंजासारखी वाकून राहतात. बांधणी कुणीही केलेली असो, हाडवैद्यानं किंवा मोठ्या दवाखान्यानं, बोटं थंड पडली, निळसर झाली, बधिर झाली, किंवा बोट हळूच सरळ करताना असह्य कळ आली, तर त्या क्षणी बांधणी सैल करून घ्यायची. सकाळची वाट बघायची नाही.

तरुण मुलांत मोडतं ते हाड वेगळं, अंगठ्याच्या बुडाशी असलेलं. अंगठा ताणून वर केला की मनगटाच्या कडेला जो खळगा पडतो, त्याच्या तळाशी ते असतं. दुचाकीवरून किंवा मैदानात पडल्यावर त्या खळग्यात दाबलं आणि दुखलं, तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी निश्चिंत होऊ नये. या हाडाची मोड पहिल्या चित्रात दिसत नाही असं होतं. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा बघावं लागतं आणि तोवर अंगठ्यासकट हात बांधून ठेवावा लागतो. त्याला रक्त पुढच्या टोकाकडून मिळतं, त्यामुळं मोडलं तर मागचा तुकडा उपाशी राहतो. "लचक आहे, जाईल" म्हणून सोडलेली ही मोड चाळिशीत मनगट निकामी करते.

बेळगावच्या स्केटिंग रिंकवर मला जायला आवडतं. सकाळी सहाला एवढीएवढी पोरं पायाला चाकं बांधून वाऱ्यासारखी पळत असतात. तिथले प्रशिक्षक पहिल्या दिवशी पळायला शिकवतच नाहीत, पडायला शिकवतात. गुडघे वाकवा, आधी गुडघ्याच्या गादीवर या, मग हात. मनगटावर जे कवच असतं त्याच्या तळव्याच्या बाजूला टणक, किंचित बाहेर फुगलेला प्लास्टिकचा पत्रा असतो. पोर पडलं की तो जमिनीवर घसरत जातो. हात एका जागी रुतून मागं मुडपत नाही, आणि धक्का पसरतो. १९९६ साली अमेरिकेत स्केटिंग करताना जखमी झालेल्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मनगटाचं कवच न घालणाऱ्यांत मनगटाच्या दुखापतीची शक्यता घालणाऱ्यांच्या दहापट निघाली. एवढ्या छोट्या वस्तूचा एवढा गुण मी दुसरीकडं क्वचित पाहिला आहे. म्हणून आईबापांना सांगते, स्केट्स जुने घ्या पण कवच नवीन आणि मापाचं घ्या. तळव्याचा पत्रा चिरला असेल तर ते टाकून द्या.

तालमीतली आणि जिममधली पोरं मनगटाला लांब पट्टी गुंडाळतात. जड वजन डोक्यावर ढकलताना मनगट मागं कलंडू नये म्हणून ती ठीक आहे. पण ती सांध्यावर आली पाहिजे. बरेच जण खाली हातावरच गुंडाळतात आणि मनगट उघडंच राहतं. प्रत्येक सेटला, हलक्या वजनालाही ती बांधली की मनगटाला स्वतःचं काम करायची सवय राहत नाही. जोर मारताना, मुद्गल फिरवताना ते जे कमावतं ते मोकळ्या मनगटानंच कमावतं.

रिंकवरून मी दवाखान्यात येते तेव्हा बाकावर विडीवाल्या, भाकरीच्या ऑर्डरी घेणाऱ्या, वडगाव-खासबागात मागासाठी कांड्या भरणाऱ्या बायका बसलेल्या असतात. त्यांतली एखादी कन्नडमध्ये "कै नोव री" म्हणते, दुसरी मराठीत "हात लई दुखूलाय" म्हणते. पोरांना खेळण्याआधी कवच मिळालं, आणि तसंच मिळायला हवं. या बायकांनी पंचवीस-तीस वर्षं काम केल्यावर पहिली पट्टी विकत घेतलेली असते, तीही घरखर्चातून चोरून वाचवलेल्या पैशांतून. आणि घेताना मनात एकच असतं की ही बांधली की पुन्हा पूर्वीइतकं काम होईल. दुखण्याच्या काळात पट्टीचं काम मात्र हात थांबवण्याचं आहे. कडक पट्टी बांधून दिवसभर विड्या वळल्या तर मनगट वाकू शकत नाही, म्हणून कोपर आणि खांदा ते वळण घेतात. महिन्याभरात बाई खांदा घेऊन येते. दिवसरात्र महिनोन् महिने बांधली तर स्नायू सुकतात, सांधा आखडतो. आधार हवाच, पण कधी बांधायचा आणि कधी काढायचा हे ठरलेलं हवं.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ग्राइंडर धरणाऱ्यांचंही असंच आहे. यंत्राचा कंप हातात शिरतो, बोटं बधिर होतात, पट्टी तो कंप अडवत नाही. तिथं यंत्र बदलायला हवं, पाळ्या बदलायला हव्यात.

म्हणून मी आता पट्टीइतकाच वेळ कामाच्या रीतीवर घालवते. ओलं लुगडं पिळताना दोन्ही मनगटं उलटसुलट मुरगाळू नका, नळाला किंवा खांबाला वेढा द्या आणि दोन्ही हातांनी सरळ ओढत पिळा. भरलेली कळशी एका हातानं कानाला धरून उचलू नका, दुसरा हात बुडाखाली घ्या. काटवट जमिनीवर असेल तर स्वतः पाटावर बसू नका, कारण त्यानं भाकरी थापताना मनगट जास्त मागं जातं. काटवट उंच घ्या, नाहीतर ओट्यावर उभ्यानं थापा. पाटा-वरवंटा दुखरे आठवडे बंद. बाळाला काखेतून उचलण्याऐवजी एक तळहात बुडाखाली आणि एक पाठीखाली घ्या. विडीला बसताना आज सगळी पानं कापून ठेवायची आणि उद्या दिवसभर वळायच्या असं करू नका. तासभर कापा, मग वळा, मग दोरा. तेच काम, पण एकाच जागी सतत घासत नाही.

हे सांगितलं की निपाणीच्या बायका मला रोखठोक उत्तर देतात. "आक्का, तू सांगतीस ते खरं हाय. पर हजारी भरली न्हाई तर पैसं कोण देणार?" त्यांचं बरोबर आहे. विसाव्याची किंमत मोजावी लागते आणि ती त्याच मोजतात. याच निपाणीत १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर आले, गोळीबारात माणसं गेली. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा होता, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेनं घेतली. १९७६ चा कल्याण निधीचा कायदा आहे. निधीतून दवाखाने चालतात, मुलांना शिष्यवृत्ती मिळते. विडीवाल्यांच्या आजारांचा विषय निघतो तेव्हा तंबाखूची धूळ, दमा, क्षय, डोळे, पाठ हे सारं येतं. जो अवयव ही विडी वळतो त्याचं नाव मी त्या बोलण्यात क्वचितच ऐकलं आहे.

आमच्या जुन्या गल्लीत काही जणींनी आपसात एक सोय केली आहे. ओसरीवर तिघी-चौघी एकत्र बसतात. जिचा अंगठा दुखतो ती कात्री धरत नाही, वळते. जिची बोटं बधिर होतात ती कापते, दुसरी दोरा गुंडाळते. जेवणानंतर अदलाबदल. प्रत्येकीचा हिशेब वेगळा असतो, म्हणून भांडणं होतात, कुणाच्या विडीला छाट जास्त निघाली यावरून दोन दिवस अबोलाही होतो. पण चालवलंय त्यांनी. रात्रीच्या पट्ट्या मी ठोक भावात मागवून नेते आणि आतला धातू तिथंच ओसरीच्या कडेवर सपाट करून देते.

आता माझं मागणं दोन गोष्टींचं आहे, आणि मी ते जिथं ऐकून घेतात तिथं मांडते. विडी कामगारांच्या दवाखान्यांत गोळ्यांच्या जोडीनं मनगट सरळ धरणारी आणि अंगठा कवेत घेणारी अशा दोन्ही पट्ट्या, सगळ्या मापांत, डाव्या-उजव्या मिळाल्या पाहिजेत. आणि कारखान्यात पानं-तंबाखू वाटतात त्या खिडकीवर कात्रीला धार लावून मिळाली पाहिजे. बोथट कात्रीला पानागणिक जादा जोर लागतो, आणि तो जोर दिवसातून हजारदा अंगठ्याच्या त्या दोन स्नायुबंधांवर पडतो. धार लावायचा खर्च आज प्रत्येक बाई स्वतः करते, म्हणून ती होता होईल तो पुढं ढकलते.